दोन्ही किडन्या चांगल्या आहेत

प्रिय उन्मेषदादा,

तुझं डायलिसिस सुरू झाल्याचं वहिनीकडून कळलं. आज मी पोटाची सोनोग्राफी करून आले. उपाशीपोटी, चार ग्लास पाणी पिऊन आणि लघवी रोखून जायचं होतं. सरोजिनी नगरहून ऑटोनं जाताना प्रत्येक स्पीड ब्रेकरला जीव जात होता. बाकी काही त्रास नाही. पोटावर गार जेल लावून यंत्र फिरवतात, "साँस रोकिए" म्हणतात, कुशीवर वळवतात.

डॉक्टरीणबाई एका जागी बराच वेळ थांबल्या, तेव्हा मात्र मी विचारलं, "कुछ गड़बड़ है?"

"बिल्कुल नहीं. दोनों किडनी बढ़िया हैं. किसे दे रही हैं?"

"भाई को."

मी जयेशशी लग्न केल्यापासून, अकरा वर्षं, तू माझ्याशी बोललेला नाहीस, हे त्यांना सांगितलं नाही.

अजून तपासण्या बाकी आहेत. सगळं जुळलं की वहिनीच तुला सांगणार आहे. तोवर हे पत्र माझ्या कपाटात राहील. तू नको म्हणशील, मला ठाऊक आहे. पण तेवढं सांगायला तरी तुला माझ्याशी बोलावं लागेल.

तुझीच,
तनया