लाकडांच्या खोपीतल्या तारा

तारमास्तर,

आधी काय झालं ते क्रमाने लिहिते.

१. तुमच्या मुलाने बोलावल्यामुळे काकी येत्या रविवारी बोटीने मुंबईला आणि तिथून इस्रायलला जाणार आहेत. घर विकलं आहे.

२. तुम्ही जमवलेली तुमच्या यहुदी समाजाची पत्रं आणि तारा त्यांनी सोमवारी माझ्यापुढे ठेवल्या. मी मुंबईत जुने कागद दुरुस्त करण्याचंच काम करते. सध्या रजेवर मालवणात आहे.

३. कागद दोन ठिकाणी होते. जन्म, साखरपुडे, बदल्या आणि आजारपणं घरातल्या ट्रंकेत. मरणाच्या बातम्या मागच्या लाकडांच्या खोपीत, सुके बांगडे टांगायच्या काठीला.

४. खोपीतली एक तार मांजराने नेली. तार परत मिळाली. उजवा कोपरा मिळाला नाही.

५. काकींना हे सगळं तुमच्या कबरीशेजारी पुरायचं आहे. मला ते मुंबईला नेऊन टिकवायचं आहे.

६. तुम्हाला विचारावं असं ठरलं.

सहावा मुद्दा माझा नाही, हे नोंदवून ठेवते. तिसऱ्याचं कारण मात्र मला लहानपणापासून माहीत आहे, कारण तो वाद मी, शेजारची पोर, तुमच्या पडवीत बसून ऐकला होता. मरणाचं पत्र वाचून दारातच फाडायचं, उंबऱ्याच्या आत आणायचं नाही, ही इथली रीत. काकींनी ती शेजारणींहून कडक पाळली. तुमचं म्हणणं असं की पत्राच्या माथ्यावर देवाचं नाव लिहिलेलं असतं, तो कागद फाडता येत नाही. जीर्ण झाला तर माणसासारखा पुरावा लागतो. काकी म्हणाल्या, "घरात हाडूचो नाय." तुम्ही म्हणालात, "फाडायचा नाही." शेवटी तो खोपीत गेला. पुढे तारांवर देवाचं नाव नसलं तरी त्याही तिथेच जाऊ लागल्या. परिणाम असा की ट्रंकेतल्या तुमच्या समाजात कोणीच मरत नाही. एडनची एक आत्या अत्यवस्थ आहे, ती अत्यवस्थच राहते. कराचीच्या एका जावयाची तार आहे: 'बोट चुकली. पापड पोचले.' त्याचं पुढे काय झालं ते बांगड्यांच्या वासाच्या गठ्ठ्यात शोधावं लागतं, आणि मांजर त्याच गठ्ठ्यावर बसून असतं. मी टीपकागदावर तारा वाळत घातल्या तेव्हा त्याने ट्रंकेतल्या एकीकडेही ढुंकून पाहिलं नाही.

काम करताना तुमचं तार ऑफिस आठवतं. मी दहा-अकरा वर्षांची आहे, तुमच्या टेबलाशेजारी स्टुलावर बसले आहे, यंत्राचं कडकट्ट चालू आहे. तार म्हणजे मरणच, असं गावाचं ठाम मत. शिपायाची सायकल वळली की दारातली बाई रडायला लागते. म्हणून तुम्ही शिपायाला ताकीद दिली आहे की बातमी चांगली असली तर लांबूनच ओरडायचं. मुलगा झाल्याची तार असली की तो ओरडतो, "बरी आसा गो, झिल झालो!" आणि ती बाई म्हणते, "ऱ्हव रे, सुरू केलंय तां पुरा करूंक दी." तुम्ही हसत नाही. मी सरावासाठी लिहिलेल्या तारेतला 'कृपया' खोडता आणि विचारता, "या शब्दाचे पैसे कोण देणार, तुझा बापूस?" तेव्हापासून मी तो शब्द जपून वापरते. कार्यालयात मला त्यामुळे उद्धट समजतात.

मंगळवारी मी काकींना समजावलं. शाईतल्या लोहाने कागद खाल्ला आहे, जांभ्याच्या मातीत हे एका पावसात संपेल, आणि रविवारनंतर या गावात तुमच्या समाजाचं एकही घर राहणार नाही. मग तुम्ही इथे होतात हे सांगायला काय उरेल? काकी ऐकत होत्या आणि कोकमं बरणीत भरत होत्या.

"तेंका इचार," त्या म्हणाल्या.

"काकी, त्यांना जाऊन बारा वर्षं झाली."

"माका ठावक आसा. मी थंयच होतंय."

"मग उत्तर कसं येणार?"

"जिते असताना तरी खंय देयत? गप ऱ्हवले की मी होय समजा. तसोच सौंसार केलंय." शेळ्या घेतल्या, माडी भाड्याने दिली, मुलाला मुंबईला शिकायला पाठवलं, सगळं तुमच्या गप्प बसण्यावर. "तू शिकलेली, तू लिही. 'पुरूचे मा?' इतक्याच लिही."

मी म्हटलं, पुरून काय मिळणार. त्यांनी बरणीचं झाकण लावलं. "एकट्यांका टाकून जातंय मी. सोबतीक कोण नको?"

मी ब्रश धुवायला आत गेले.

हे पत्र टपालात पडणार नाही. टाकलं तर 'मयत' असा शेरा मारून ते पाठवणारीकडे परत येईल, आणि वाटेत सगळं गाव ते वाचेल. काकींना दाखवीन, पण त्यांचा चष्मा सामानात बांधला गेला आहे. तेव्हा इथे सांगायला हरकत नाही: त्यांनी सांगितलेला प्रश्न मी बदलला आहे. तुम्ही गप्प राहणार हे दोघींनाही ठाऊक आहे, म्हणून प्रश्न कसा विचारायचा एवढंच माझ्या हातात होतं. सोबतीचं म्हणाल तर मी दर मे महिन्यात रजेवर येते, आणि कबर घरापासून लांब नाही. मी फार बोलणार नाही. तुम्हाला ते चालेल.

प्रश्न असा: हे कागद मी टिकवून ठेवू ना?

हरकत असली तर शुक्रवारी दिवस मावळून तुमचा शब्बाथचा विसावा लागायच्या आत कळवावं. हरकत नसली तरी कळवलंत तर मला बरं वाटेल.