मोरनी का थांबली

श्री आनंदपूर साहिब,
होल्यानंतरचा सोमवार

प्रिय अजायब वीरा,

आधी फतेह घे, मग बाकीचं.

फोनच करणार होते. पण फोनवर तू माझं अर्धं बोलणं ऐकतोस आणि ‘भैणजी, गाईंच्या धारा काढायची वेळ झाली’ म्हणून ठेवून देतोस. इटलीतल्या गाई दिवसभर दूधच देतात काय रे? म्हणून हे पत्र. हे मध्येच तोडता येत नाही. तर बसून वाच. यंदा होळीनंतरच्या होल्याला, जमिनीत ठोकलेली मेख धावत्या घोडीवरून भाल्याने आपण उचलली. आपण म्हणजे मी, तुझी चाळिशी उलटलेली, गुडघे वाजणारी बहीण. आणि घोडी कोणती होती ते वाचून कागद चुरगाळू नकोस. मोरनी होती.

हो, तीच. आपल्या निहंगांच्या छावणीत तीन दिवस दुसरा विषय नाही. लंगरात कढईभर खीर झाली, थोरल्या काकाने, ताया मग्घर सिंगाने, दाढीला तेल लावलं, आणि बापूजी येईल त्याला भिंतीवर टांगलेली मेख दाखवतात, जणू मेख त्यांनीच उचलली. एवढ्या वर्षांनी त्यांची छाती अशी फुगलेली पाहतेय, फुगू दे.

सुरुवात मात्र बरी नव्हती. चरणगंगेच्या मैदानात मी मोरनीला घेऊन उतरले, तर पलीकडच्या दलाचा मेजर सिंग (फौजेत कधी गेला नाही, नावच मेजर) मिशीला पीळ देत म्हणाला, “बीबीजी, आज ही घोडी पळणार, की मध्येच अरदासीला उभी राहणार?” त्याची पोरं खिदळली. मी म्हटलं, “तुम्ही तुमचा भाला सांभाळा, घोडीची काळजी घोडीला.” वरवर हसले, पण आतून जळले. टोमणा मला नव्हता, तुला होता.

त्या होल्याबद्दल आपण दोघं कधी बोललो नाही. आज मी बोलणार आहे. तू सगळ्यांच्या पुढे होतास. भाला खाली घेतलेला, मेख हाताच्या अंतरावर आलेली, आणि गर्दीतल्या कुणीतरी तुझ्याच कौतुकाने जयकारा दिला, “बोले सो निहाल!” मोरनी भरधाव धावता धावता जागीच खिळली आणि तू तिच्या कानांवरून पुढे मातीत गेलास. तुझा दुमाला, ती उंच पगडी, सुटून धुळीत लांबच लांब पसरला. लोक हसले असते तर परवडलं असतं. सगळे गप्प झाले, आणि त्या शांततेत एक म्हातारा म्हणाला, “गुरूचा जयकारा ऐकून घोडी थांबली, म्हणजे स्वारात काहीतरी खोट असणार.” मी कापड गोळा करत होते. तू ते ऐकलंस, हे तुझ्या तोंडावरच दिसलं मला. त्यानंतर तू रोजच्या प्रार्थनेला, अरदासीला, सगळ्यांच्या मागे उभा राहायला लागलास. गव्हाची कापणी व्हायच्या आत निळा बाणा, आपल्या दलाचा पेहराव, घडी करून पेटीत ठेवलास आणि निघून गेलास. मोरनीलाही नंतर कुणी मैदानात नेलं नाही. लंगरासाठी बाजारातून पिठाची पोती वाहून आणणं, एवढंच काम तिला उरलं.

तर यंदा पौषात, गुरूंच्या जन्मदिवसाच्या, गुरुपुरबाच्या, आदल्या आठवड्यात, मी पीठ घेऊन तिच्यावरून येत होते. धुकं इतकं की घोडीचे कान दिसेनात. समोरून प्रभातफेरी आली आणि कुणीतरी जयकारा दिला. मोरनी थांबली, अगदी तशीच. मी तिच्या मानेवर आपटले, एक पोतं फुटलं, मी पांढरीफटक. शिव्या द्यायला तोंड उघडलं, तर बाईसाहेबांनी मान वळवून माझ्या गुडघ्याशी तोंड आणलेलं, आणि वरचा ओठ चाळवत काहीतरी हुंगत होत्या. हा ओठ मी रोज बघते, वीरा. रोज संध्याकाळी बघते. अरदास संपते, जयकारा होतो, आणि ताया मग्घर सिंग घोड्यांना हरभऱ्याचे तोबरे बांधतो, तेव्हा ती हेच करते.

तायाला ऐकू येत नाही हे तुला माहीतच आहे. आपल्या बोलीत सांगायचं तर तो चौबाऱ्यावर चढलाय. आपली डोकी जयकाऱ्यानंतर खाली झुकली की तोबरे घेऊन निघायचं, एवढं त्याला ठाऊक. मोरनी शिंगरू होती तेव्हापासून हेच चाललंय. जयकारा झाला की उभं राहायचं, मग हरभरे. बांधलेली घोडी थांबली काय आणि न थांबली काय, कुणाच्या लक्षात येणार? आणि सराव तर आपण नेहमी रिकाम्या रानात करतो, तिथे जयकारा द्यायला कोण असतं! मी त्या धुक्यात पिठाने माखून रस्त्यात उभी राहून इतकी हसले, की प्रभातफेरीतल्या बायकांना वाटलं मला डोक्याला मार लागलाय. मग हसता हसता रडायलाच लागले.

बापूजींना सांगितलं. त्यांनी दोनदा पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाले, “घोडीसाठी अरदास मागेपुढे करायची नाही, सांगून ठेवतो.” मी म्हटलं, “अरदास कोण हलवतंय? तोबरा हलवा.” त्या संध्याकाळपासून मोरनीचा तोबरा घेऊन ताया शेताच्या पार टोकाला जाऊन उभा राहायचा आणि मी निशाण साहिबाच्या झेंड्यापाशी मोरनीला मोकळी धरून ठेवायची. जयकाऱ्याला सगळ्यांचं ‘सत श्री अकाल’ आलं की सोडून द्यायची. ताया कुरकुरायचा, “या वयात मला सरहद्दीवर पाठवताय!” पहिले काही दिवस मोरनी जागची हलली नाही. माझ्याकडे अशी बघायची, जशी सासरी उपाशी ठेवलेली सून. मग एका संध्याकाळी गेली. आणि गेली म्हणजे काय गेली! माघ संपेपर्यंत तिला धरून ठेवणं अवघड झालं. बाकीचे घोडे दोर तोडायला बघायचे.

तरी मैदानात आमच्या लोकांचा धीर सुटलाच. मेजर सिंगाने आणि मी सारख्याच मेखा उचललेल्या, शेवटची धाव राहिलेली. त्याचा भाला मेखेला लागला, पण मेख अर्ध्यावरच गळून पडली. आता माझी पाळी. आपली माणसं गर्दीपुढे हात जोडत फिरत होती, “भावांनो, मेहरबानी करा, जयकारा देऊ नका!” मला ते बघवेना. गुरूच्या मैदानात गुरूच्या जयकाऱ्याला भ्यायचं? मी मोरनीला रेघेवर आणलं, भाला वर उचलला आणि पोटातून ओरडले, “बोले सो निहाल!”

सगळं मैदान एका गळ्याने बोललं, “सत श्री अकाल!”

मोरनी सुटली. मला वारा आठवतो, माझ्या ओढणीचा फडफडाट आठवतो, आणि भाल्याला बसलेला तो हिसका. खांद्यापर्यंत झिणझिण्या गेल्या. वर बघते तर मेख भाल्याच्या टोकावर! लोक कठडा तोडून मैदानात घुसले. पंच सलामी घ्यायला उभे, पण मोरनीला सलामीशी काय देणंघेणं? ती तशीच पुढे धावत सुटली, कारण मैदानाच्या टोकाला ताया तोबरा घेऊन उभा होता. सगळ्या आनंदपुराने जिंकलेल्या घोडीचं ढुंगण पाहिलं. मेजर सिंग चालत आला, म्हणाला, “बीबीजी, ही काय जादू?” मी म्हटलं, “बदाम, भाऊ, बदाम.” आपल्या बोलीत हरभऱ्यांनाच बदाम म्हणतात, ते त्यालाही ठाऊक. त्याने तोबऱ्यात डोकावून हरभरे बघितले, आणि त्याला तुझा तो होला आठवला असावा. हसता हसता एकदम थांबला. मग आपला भाला कपाळाला लावून म्हणाला, “अजायबला माझी फतेह कळवा.” ती कळवते आहे.

पण वीरा, विजय सांगायला मी लिहीत नाही, तेवढं फोनवरही झालं असतं. दलाच्या जत्थेदारांनी वैशाखीच्या मोहल्ल्यात, त्या मिरवणुकीत, निशाण घेऊन मोरनीवर सर्वांत पुढे चालायचा मान मला देऊ केला. मी सांगितलं, घोडी माझ्या भावाची आहे, मान त्याचा. त्या रात्री बापूजींनी तुझी पेटी उघडून बाणा सकाळी उन्हात घालायला बाहेर काढला आणि मला म्हणाले, “त्याला लिही.” तू पाठवलेल्या फोटोत कानापर्यंत ओढलेली लोकरीची टोपी आहे. टोपीखाली काय उरलेलं नाही ते मला कळलंय, आणि बापूजींनाही. केस वाढतात. पंज प्यारे केसांबद्दल तनखा लावतील, प्रायश्चित्त म्हणून वर्षभर संगतीचे जोडे पुसायला आणि लंगराच्या कढया घासायला सांगतील. घास. मी शेजारी बसून राख देत जाईन. पण ज्या कारणासाठी तू स्वतःला इतकी वर्षं मागे उभं केलंस, ते कारण कधी नव्हतंच. गुरूने तुला नाकारलं नाही, अजायब. त्या दिवशी भर मैदानात मोरनी तुझ्यापाशी फक्त हरभरे मागत होती. ये, आणि तिला दे.

तुझी वाट बघणारी, तुझीच
रणजोत भैण