आतून काळा डबा

३ डिसेंबर
माझ्या हातानं केलेला कॅमेरा — पितळी पत्र्याचा डबा, सांधे झाळून पक्के. सरकतं झाकण. फिल्म गुंडाळायची चावी, जुन्या कुलपाची. आणि सुईच्या टोकानं पाडलेलं छिद्र. भिंग नाहीच, कॅमेऱ्यात उजेड त्या छिद्रातूनच जातो. कुणी शिकवलं नाही. आतूनबाहेरून असा उजळला की तोंड दिसावं!
साधना म्हणते, "फोटू काढाले मोबाईल हाय ना घरी!" बायकोला काय समजावणार.

८ डिसेंबर
पहिली फिल्म धुतली. सगळी काळी, म्हणजे नको तिथं उजेड लागला.

९ डिसेंबर
दुसरीही. छिद्र पाहिलं, सांधे पाहिले, काही सापडत नाही. दिवसभर गिऱ्हाइकांची भांडी, मग हे. कंटाळलो.

११ डिसेंबर
बाबांनी डबा मागितला. लकव्यानं उजवा हात गेलेला, बोलणं जड. जन्मभर भांडी घडवलेला माणूस! डाव्या हाताचं बोट आत फिरवलं.
"आतून काहून उजळलं रे? पाणी प्याचं हाय का याच्यात?"
मी डबा उजेडात धरला. आतली चकाकी! उजेड भिंतींवर आपटून सगळी फिल्म नासवतो. पण न उजळलेलं भांडं या घरातून कधी बाहेर गेलं नाही — हात सवयीनं चालला.
आतून काळं करायला दिव्याची काजळी डिंकात खलली. बाबा मला हात लावू देईनात. डाव्या बोटानं स्वतःच फासली, वाकडीतिकडी. माझ्या डोळ्यांत खुपली. तशीच राहू दिली.

१५ डिसेंबर
अंगणात खाटेवर बाबा. छिद्र बराच वेळ उघडं ठेवावं लागतं.
"हलू नका, बाबा."
"मी कुठी जाऊन राहिलो!"

१६ डिसेंबर
आला! बाबांची सुरकुती न् सुरकुती. शेजारी साधना नुसती धुरकट — तिला स्थिर उभं राहवतं कुठं? बाबांनी फोटो डोळ्यांजवळ धरला. "बरा हाय." माझ्या कामाला पहिल्यांदाच बरं म्हटलं.

२१ डिसेंबर
नागपूरहून जुन्या कॅमेऱ्यांचा एक शौकीन दुकानात आला. डबा विकत मागत होता. पाहू म्हटलं. पैसे तर हवेच आहेत.

१७ जानेवारी
बाबा गेले, परवा तेरवी झाली. आज नागपूरवाला परत आला. "फक्त आतून घासून नीट काळा रंग मारून द्या. किती ओबडधोबड फासलंय!"
आत बाबांच्या बोटाचे फराटे आहेत.
नाही म्हटलं. पस्तीस हजार देत होता.