आजोबांचा पाय

तीर्थरूप बाबा,
तुमच्या पदवीधर लेकीचा नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते. कामाने थकते, इतकंच.

इथे जुन्या वादकांचं वादन जपून ठेवायचं काम आहे. एका सारंगीवाल्या आजोबांचं जुनं ध्वनिमुद्रण साफ करताना मी मधली ठकठक काढून टाकली आणि मूळ प्रत पुसली. ऐकून ते म्हणाले, "पोरी, सारंगी माझीच, पण माझा पाय कुठे गेला?" ती ठकठक म्हणजे वाजवताना ते पायाने धरत असलेला ताल होता.

आता त्यांची बोटं थरथरतात. तरी आज माझ्यासाठी ते पुन्हा वाजवायला बसले. सूर अडखळले, पाय चुकला नाही. या वेळी मी काहीच काढलं नाही.

बाबा, फोनवर तुम्ही खोकला दाबता. दाबू नका. मला सगळं ऐकू द्या.

तुमची,
थोरली