दिलं असं समजा

४ मार्च
विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी होते आहे. माझ्याइतका लायक माणूस आसपास दिसत नाही (आजच राऊंड घेताना पाहिलं). अट एकच: दुर्मिळ इमर्जन्सीचं सिम्युलेशन पास व्हायचं. म्हणजे रबराच्या पुतळ्यावर उपचार. जिवंत माणसांवर केस पांढरे केले, आता बाहुली खेळायची.

८ मार्च
पहिला सराव. पुतळ्याचं नाव मी रबरबुवा ठेवलं. त्याला औषधाची भयंकर ॲलर्जी. शिकवणारी माझीच जुनी विद्यार्थिनी. खिशात हात ठेवून अचूक निदान केलं. म्हणालो, "ॲड्रेनलिन दिलं असं समजा." ती म्हणाली, समजायचं नाही सर, ट्रे आणा, औषध भरा, मांडीत टोचा. एवढ्यात रबरबुवा वारले. पुतळा सदोष आहे. तक्रार करणार.

११ मार्च
पेशंटच्या नातेवाइकाची भूमिका करायला कोणी मिळेना, म्हणून बायकोला नेलं. फक्त रडायचं होतं. रडता रडता तिनं विचारलं, ट्रे कुठे असतो हे ठाऊक तरी आहे का? माझी एकाग्रता भंगली. रबरबुवा पुन्हा वारले.

१२ मार्च
संकल्प: उद्या लवकर जाऊन ट्रे कुठे असतो ते पाहणे.

१३ मार्च
जाग आली नाही. शेवटी हातापेक्षा डोकं महत्त्वाचं.

१५ मार्च
सराव. आता "असं समजा" तोंडातून कसं रुबाबात निघतं. विद्यार्थिनी म्हणाली, सर, सवय लागेल. लागू दे की.

१९ मार्च
सासरे पायाच्या जखमेसाठी आमच्याच वॉर्डात. मुद्दाम माझ्या देखरेखीखाली घेतले. अँटिबायोटिक सुरू झालं आणि अंगावर गांध्या, ओठ सुजलेले, श्वास घुसमटलेला. निदान क्षणात केलं, हे नमूद करतो. मग खणखणीत आवाजात म्हणालो, "ॲड्रेनलिन दिलं असं समजा."

खोलीत फक्त बायको होती. या वेळी ती रडली नाही. म्हणाली, "अहो, हे माझे खरे बाबा आहेत. समजू नका, द्या."

ट्रेही तिनंच दाखवला. मी औषध भरलं, मांडीत टोचलं. सासऱ्यांचा श्वास मोकळा झाला तेव्हा मी भिंतीला टेकून खालीच बसलो. फार घाबरलो होतो. (हे वाक्य उद्या खोडणे.)

२० मार्च
खोडायला पेन सापडलं नाही.

२३ मार्च
सासरे ठणठणीत. म्हणाले, जावईबापूंनी रोज यावं, गप्पा माराव्यात, डॉक्टर मात्र दुसरा पाठवावा. खुर्ची विद्यार्थिनीला मिळाली. पण पोरीनं जाण ठेवली. पुढच्या सरावात मला मुख्य भूमिका दिली आहे. रबरबुवा दुरुस्तीला गेलेत, त्यांच्या जागी मी झोपायचं. कशाला हात लावायचा नाही, ही एकच अट.

नातेवाईक म्हणून बायकोच येणार आहे. तिला विचारलं, माझ्यासाठी नीट रडशील ना?

म्हणाली, "रडले असं समजा."