तिच्या खालची जागा

प्रिय ठमे,

मघाशी फोनवर सगळं ठीक म्हणालो, ते नेहमीचंच. दुकान खरंच ठीक आहे. एका टेलरबाईचं जुनं मशीन आलंय, टाके सोडतंय. दोष कुठे आहे ते अजून सापडत नाही. तुझ्या आईने नुसत्या आवाजावरून सांगितलं असतं.

आम्ही वेगळे झालो तेव्हा दुकान तिने ठेवलं आणि मी गावाच्या दुसऱ्या टोकाला गाळा घेतला. धंदा तोच, हट्टही तेवढाच. तू बिचारी दोघांनाही इंटरनेटवरच्या जाहिराती लावून देत फिरलीस. कुणी ‘शिलाई मशीन दुरुस्ती’ शोधलं की त्याच क्षणी वरच्या जागेसाठी जाहिरातींचा लिलाव होतो, हे माझ्या डोक्यात घालताना तुझा घसा बसला होता. नुसती मोठी बोली लावून वर बसता येत नाही, जाहिरात शोधणाऱ्याच्या किती कामाची आहे तेही बघतात म्हणे. तिथेच तिने मला गाठलं. मी लिहिलं होतं, ‘सर्व प्रकारची उत्कृष्ट दुरुस्ती’. तिने लिहिलं, ‘मशीन आणा, समोर बसा, चालू करून घेऊन जा’. बाईसाहेब कमी बोलीत माझ्या डोक्यावर. मी चिडून बोली वाढवत सुटलो, तेव्हा तू झापलंस. वरच्याला किती पैसे पडणार ते खालच्याच्या बोलीवर ठरतं, तू वाढवशील तसा आईचा खर्च वाढेल आणि तू राहशील खालीच, असं म्हणालीस.

त्याच दिवशी मी बोली उतरवली. मग आणखी उतरवली. तुला वाटलं, बाबा कंटाळला. एका घरात राहून तिचं कुठलंच ओझं मला हलकं करता आलं नव्हतं, एवढं मात्र जमत होतं. तिला कळलं होतं की नाही, कोण जाणे. रोज शटर उघडलं की मी ते शब्द शोधायचो. वर ती, खाली मी. तिच्या जाहिरातीवर बोट कधी ठेवलं नाही, उगाच तिचे पैसे कापले गेले असते.

ती गेली तरी जाहिरात चालूच राहिली. तुझ्या लक्षात आलं नाही आणि मी मुद्दाम बोललो नाही. तिला पोचवून आल्यावर सकाळी शोधलं, तर ती आपली वरच होती. वेडेपणा आहे, पण तेवढ्यावर माझा दिवस सुरू व्हायचा. सोमवारी तू तिचं बँकेचं कार्ड बंद केलंस, जाहिरातीचे पैसे त्यातूनच जायचे. बरोबरच केलंस. मी शोधलं, तर सगळ्यात वर मी. तेव्हापासून फोन वाढलेत. प्रत्येक गिऱ्हाईक तिचं वाटतं.

हे तुला तोंडाने सांगता आलं नसतं, म्हणून लिहितोय. तिची जाहिरात पुन्हा लाव. कार्ड माझं घे. तिच्या नंबरवर येणारे फोन माझ्याकडे वळव, येईल त्याला मी तिच्यासारखंच समोर बसवून काम करून देईन. तू म्हणशील, बाबा, स्वतःशीच लिलाव लढणार का? हो, आणि रोज हरणारही आहे. पण पोरी, तिच्या जागी मला बसवू नकोस.

तुझाच,
बाबा