विचारविश्वाची कॉपी

३ जून २०२५, सकाळ
शी! दिवसाची सुरुवातच घाण. मेल आली. माझी वेबसाइट ज्या कंपनीकडं फुकट ठेवलीय, ती ३० जूनला गाशा गुंडाळतेय. वर लिहितात 'डिअर युजर'. अठरा वर्षांत ह्यांना माझं नाव कळलं नाही. साइटवर ठळक लिहिलंय, 'गुंडप्पांचे विचारविश्व'. डोळे फुटलेत का?

श्रीदेवीला सांगितलं. बायको म्हणून हळहळेल असं वाटलं. म्हणाली, अहो, त्यात आप्पांचं बोलणं हाय न्हवं, ते आधी काढून घ्या. आप्पा म्हणजे माझे वडील. रझाकारांच्या वेळी लहान होते, धान्याच्या पेवात लपून वाचले. जमिनीखालच्या त्या खड्ड्यातली हकीकत बायकापोरींसमोर कधी काढली नाही. मी २००७ साली रेकॉर्ड करून साइटवर टाकली. आप्पा गेले, तो मोबाइलही गेला. आता आवाज तेवढ्या एका जागी. ६ जुलैला पुण्यतिथी. भाऊबंद जमतील, त्यांना ऐकवू म्हणते.

ऐकवू की. पण कामाला क्रम असतो. आधी माझे विचार, मग फोटो, मग आवाज. संकल्प: सगळं एकट्यानं करणार. कुणापुढं लाचार होणार नाही.

५ जून
पासवर्ड आठवेना. साइटनं गुप्त प्रश्न विचारला, आवडता लेखक कोण? मोठमोठी नावं टाकली. एकही चालेना. शेवटी माझं टाकलं. उघडलं.

९ जून, संध्याकाळ
फत्ते! एकूण एक पान डेस्कटॉपवर ओढून ठेवलं. लोक उगीच कॉम्प्युटरचा बाऊ करतात. श्रीदेवीनं विचारलं, आप्पांचं झालं का. म्हटलं, ओघात होईल. तोंड वाकडं करून गेली.

१० जून
नेट गेलं. म्हटलं, जाऊ दे, आपली कॉपी आहे. उघडली तर म्हणते, इंटरनेट नाही. हर्षालीला सोलापुरात फोन लावला. पोटची पोर, पण खो-खो हसली. म्हणाली, पप्पा, तुम्ही साइट न्हाय, साइटचा नुसता पत्ता ठेवलाय. मी काढून देऊ का? गरज नाही म्हटलं. बापावर हसणाऱ्या पोरीची मदत नको.

१४ जून
हायवेवरच्या विरेशच्या मल्टिसर्व्हिसेसमध्ये गेलो. काय ती कळकट जागा! कीबोर्डवर गुटख्याचा थर, बटणं बोटाला चिकटतात. माउस हातात घ्यायला रुमाल काढला. बाहेर ट्रकांची बोंब. विरेश म्हणाला, काका, ती रेकॉर्डिंगची फाइल पण टाकू का पेनड्राइव्हमध्ये? म्हटलं, तिचा नंबर शेवटी. पानं मात्र ह्यावेळी खरोखर उतरली. घरी येऊन दोनदा साबणानं हात धुतले.

संध्याकाळी पेनड्राइव्ह लावला. बघतो तर काय, माझ्या विचारांच्या जागी इंग्रजी अक्षरं, टिंबं, कंस, डॉलर! एका शब्दाला अर्थ नाही. व्हायरस! त्या घाणेरड्या दुकानातून दुसरं काय येणार? तत्काळ सगळं पुसलं. पेनड्राइव्ह डेटॉलनं पुसून उन्हात ठेवला.

१५ जून
हर्षाली म्हणते, व्हायरस नव्हताच. तेव्हाचा मराठी फॉन्ट आता ह्या कॉम्प्युटरवर नाही, म्हणून तसं दिसलं. फॉन्ट टाकला असता, तर विचार वाचता आले असते. हे काल सांगायला काय झालं होतं? तर म्हणे, काल तुम्ही फोनच केला न्हाय. पेनड्राइव्हही बंद पडलाय. शी, शी!

२१ जून
नवी पद्धत. मोबाइलवर साइट बरी दिसत नाही, म्हणून कॉम्प्युटरवर फॉन्ट बसवून घेतला आणि मोबाइलनं स्क्रीनचेच फोटो काढतोय. तंत्रज्ञानावर मात. फक्त प्रत्येक विचारावर ट्यूबलाइट आणि माझं टक्कल उमटलंय. श्रीदेवी म्हणाली, आप्पांचं एका बटणाचं काम हाय म्हणं, दाबा की. म्हटलं, मध्येच बोलू नकोस, लय तुटते. 'जीवन आणि मी' अजून व्हायचंय.

२९ जून
'जीवन आणि मी' वाचताना जाणवलं, थोडं सुधारून मगच जतन करावं. दिवसभर सुधारलं. उद्या अख्खा दिवस हाताशी आहे. आवाज उद्या निवांत.

३० जून, दुपार
साइट उघडत नाही. पांढरंफटक पान. ३० तारखेला बंद म्हणजे ३० तारीख संपल्यावर, असं शहाणा माणूस समजतो. हे चोर तारीख उजाडायच्या आतच पसार! थू ह्यांच्या कारभारावर.

आप्पांचा आवाज गेला. जेवायचं ताट सरकवलं. आणि ही बाई निवांत भाकऱ्या थापतीय! म्हटलं, तुला काहीच वाटत नाही? म्हणाली, जेवा गुमान. दगड आहे दगड.

६ जुलै, दुपार
पुण्यतिथी. आप्पांच्या फोटोला विभूती लावली, हार घातला, भाऊबंद बसले. मी खुलासा तयार ठेवला होता, परदेशी कंपन्यांची फसवणूक वगैरे. तेवढ्यात हर्षालीनं मोबाइल काढून फोटोसमोर ठेवला. आईच्या सांगण्यावरून पोरीनं ३ जूनलाच फाइल उतरवून घेतली होती. म्हणे, आधी कुणी ऐकायची न्हाय, आप्पांसमोर सगळ्यांनी मिळून ऐकायची. माझ्यापासून लपवलं, ह्याची चीड आली. पण डोळे भरले, ते खरं.

लावलं. आधी माझा आवाज. नमस्कार, मी गुंडप्पा. मग माझा परिचय. मग इतिहासाबद्दल माझं चिंतन. मग वेबसाइट कशी सुचली. किती तो घोगरा, शेंबडा आवाज, आणि संपता संपेना! ऐकून किळस आली. चुलतभाऊ महांतप्पा चहाचं बघायला उठला.

मग एकदाचे आप्पा खाकरले. म्हणाले, गुंड्या, आता मी बोलू का रं? श्रीदेवीनं डोळ्याला पदर लावला. त्यावर मी म्हणतो, थांबा आप्पा, एवढं संपू द्या. आणि पुन्हा मीच. मग टूं टूं. मेमरी फुल. फाइल संपली.

प्रस्तावना गरजेचीच होती. आता आठवतंय, आप्पा तेव्हा म्हणाले होते, ऱ्हाऊ दे, उद्या सांगतो. दुसऱ्या दिवशी मी साइटचे रंग ठरवत होतो.

श्रीदेवीनं आप्पांचं तेवढं वाक्य पुन्हा लावायला सांगितलं. हर्षालीनं मागं घेऊन लावलं. पुन्हा लावलं. मग म्हणाली, पप्पा, पेवात पुढं काय झालं, ते तुम्हीच सांगा. तुम्हाला तर सांगितलं असंल की.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी घसा साफ केला. म्हटलं, रझाकार आले होते, आणि आप्पा पेवात लपले होते.

एवढंच येतं मला.